प्रजननात्मक विलगन आणि नव्या जातींचा उद्भव : उमरठ–महाबळेश्वर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश : सजीवांची नवी जाती निर्माण होण्यासाठी मूळ समूहाचे भाग परस्परांपासून अलग पडणे आणि त्यांच्यातील जनुकांची देवाणघेवाण कायमची थांबणे आवश्यक असते. या प्रक्रियेला ‘प्रजननात्मक विलगन’ असे म्हणतात. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचे स्वरूप सह्याद्रीतील, विशेषतः पोलादपूर–महाबळेश्वर–कोयना परिसरातील उदाहरणांच्या आधारे स्पष्ट केले आहे. भौगोलिक दुरावा हे विलगनाचे केवळ निमित्त असते. खरा अडसर सजीवांच्या शरीरात, वर्तनात व जीवनचक्रात हळूहळू तयार होतो, हा या विवेचनाचा मुख्य मुद्दा आहे. हा फरक अध्यापनाच्या व निसर्गसंवर्धनाच्या दृष्टीने का महत्त्वाचा आहे, याचीही चर्चा शेवटी केली आहे.

बीजसंज्ञा : जाती, जातिउद्भव, प्रजननात्मक विलगन, जनुकप्रवाह, सह्याद्री, प्रदेशनिष्ठता.

१. प्रस्तावना

रायगड जिल्ह्यातील पोलादपूर तालुक्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले उमरठ हे गाव नरवीर तानाजी मालुसरे यांच्या समाधीमुळे महाराष्ट्राला परिचित आहे. इतिहासाच्या अभ्यासकांना प्रिय असलेला हा परिसर जीवशास्त्राच्या अभ्यासकांनाही तितकाच उद्बोधक ठरावा असा आहे. उमरठच्या पुढे ढवळे गावाकडून चढणारी जुनी वाट चंद्रगडाच्या बाजूने थेट महाबळेश्वरच्या पठारावरील आर्थर सीट, म्हणजेच मढीमहाल, या कड्यापर्यंत पोहोचते. सरळ रेषेत मोजल्यास अवघ्या काही किलोमीटरांत जमीन एक हजार मीटरहून अधिक उंची गाठते. खाली भातखाचरे व वरकस जमिनी, त्यांच्या वर पानझडी जंगल, कारवीने भरलेले उतार, बेसॉल्टचे उभे कडे आणि सर्वांत वर जांभ्या दगडाचे सडे व सदाहरित राने, असा हा क्रम आहे.

या पठाराचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. क्षेत्र महाबळेश्वर येथे पाच नद्यांचा उगम मानला जातो. त्यांपैकी सावित्री पश्चिमेकडे कोसळून पोलादपूर व महाड या गावांवरून बाणकोटच्या खाडीत अरबी समुद्राला मिळते. कृष्णा, कोयना व वेण्णा यांचे पाणी मात्र पूर्वेकडे वळून अखेर बंगालच्या उपसागरात जाते. एकाच पठारावर पडलेल्या पावसाच्या दोन धारांमध्ये अशा रीतीने संपूर्ण द्वीपकल्पाचे अंतर पडते. पाण्याच्या प्रवाहाबाबत जे घडते, तेच सजीवांच्या जनुकांच्या प्रवाहाबाबतही घडू शकते काय, आणि घडल्यास त्यातून नव्या जाती कशा निर्माण होतात, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२. ‘जाती’ या संकल्पनेचे स्वरूप

मराठी जीवशास्त्रीय लेखनात ‘जाती’ ही वर्गीकरणाची मूलभूत पायरी मानली जाते आणि निकटच्या जातींच्या गटास ‘प्रजाती’ असे संबोधले जाते. प्रस्तुत लेखात हाच संकेत पाळला आहे.

अठराव्या शतकात लिनियसने वर्गीकरणाची जी पद्धत रूढ केली, ती प्रामुख्याने बाह्य रूपावर आधारलेली होती. सारखे दिसणारे सजीव एका जातीचे, ही धारणा व्यवहारात सोयीची असली तरी ती अनेकदा फसवी ठरते. हापूस, पायरी व नीलम या आंब्यांच्या झाडांत आणि फळांत स्पष्ट भेद आहेत. तथापि ते सर्व एकाच जातीचे आहेत. नीलम व हापूस यांच्या संकरातून कोकण कृषी विद्यापीठाने १९८१ मध्ये ‘रत्ना’ हे वाण प्रसारित केले, ते याच कारणाने शक्य झाले. याउलट, सह्याद्रीतील काही झुडूपबेडूक एकमेकांसारखे इतके दिसतात की अनुभवी अभ्यासकही चकतात. मात्र त्यांच्यात संकर होत नाही आणि त्यांचे वंश दीर्घकाळापासून स्वतंत्र आहेत.

चार्ल्स डार्विन यांनी १८५९ मध्ये जातींची परिवर्तनशीलता सिद्ध केली. परंतु एका जातीचे विभाजन होऊन दोन जाती नेमक्या कशा होतात, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्यांच्या काळात आनुवंशिकीचे ज्ञान नसल्यामुळे मिळू शकले नाही. ते काम विसाव्या शतकात झाले. थिओडोसियस डॉबझान्स्की यांनी १९३७ मध्ये विलगनाच्या यंत्रणांचे पद्धतशीर विवेचन केले आणि अर्न्स्ट मायर यांनी १९४२ मध्ये जातीची जीवशास्त्रीय व्याख्या मांडली. या व्याख्येनुसार, परस्परांत नैसर्गिक रीत्या प्रजनन करणाऱ्या व इतर तशा समूहांपासून प्रजननाच्या दृष्टीने अलग असलेल्या समूहास जाती म्हणतात. म्हणजेच ‘ते कसे दिसतात’ या प्रश्नाची जागा ‘त्यांच्यात जनुकांची देवाणघेवाण होते काय’ या प्रश्नाने घेतली.

३. भौगोलिक दुरावा : विलगनाचा प्रारंभ

एक समूह डोंगर, नदी, खिंड किंवा हवामानातील बदल यांमुळे दुभंगला की दोन्ही भागांत स्वतंत्रपणे उत्परिवर्तने होऊ लागतात. एका भागात निर्माण झालेले नवे जनुकरूप दुसऱ्या भागात पोहोचू शकत नाही. दोन्ही ठिकाणचे हवामान, अन्न व शत्रू भिन्न असल्यास नैसर्गिक निवडीची दिशाही भिन्न राहते. समूह लहान असल्यास केवळ योगायोगानेही काही जनुकरूपे नाहीशी होतात व काही सर्वत्र पसरतात. यास जनुकीय विचलन म्हणतात. या तिन्ही कारणांनी दोन्ही भाग पिढ्यान्‌पिढ्या परस्परांपासून दूर जात राहतात.

सह्याद्री या प्रक्रियेस अनुकूल आहे. दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी साचला. त्यानंतरच्या दीर्घ काळातील झिजेमुळे जांभ्याने झाकलेली उंच पठारे एकमेकांपासून तुटून अलग राहिली. महाबळेश्वर, पाचगणी, कास व आंबोली येथील सडे हे भोवतालच्या दऱ्या-खोऱ्यांच्या समुद्रात उभ्या असलेल्या बेटांप्रमाणे आहेत. सड्यावरील ओलसर, थंड व पावसाने भिजलेल्या परिस्थितीशी जुळवून घेतलेल्या लहान प्राण्यास वा वनस्पतीस मधली उष्ण दरी ओलांडणे कठीण असते.

कोयना व आंबोली येथील भेकांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. सातारा जिल्ह्यातील कोयना परिसरात, हुंबर्ली गावानजीक आढळलेल्या एका लहान भेकाचे वर्णन सोमण यांनी १९६३ मध्ये केले आणि त्यास ‘बुफो कोयनाएन्सिस’ असे नाव दिले. पुढे सिंधुदुर्गातील आंबोली येथील भेकांचा अभ्यास झाला, तेव्हा ते कोयनेच्या भेकाचे अतिशय जवळचे, परंतु स्वतंत्र नातलग असल्याचे दिसून आले. एस. डी. बिजू, वरद गिरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये आंबोलीच्या भेकास ‘टायग्रिना’ असे जातिनाम दिले आणि या दोन्ही जातींसाठी ‘झॅन्थोफ्राइन’ ही नवी प्रजाती स्थापन केली. आंबोलीच्या भेकाच्या अंगावरील पिवळसर पट्टे वाघाची आठवण करून देतात, त्यावरून हे नाव पडले.

कोयना व आंबोली यांच्यात सुमारे दीडशे किलोमीटरांचे अंतर आहे. दोन्ही भेक पावसाळ्याच्या आरंभी कातळावर साचणाऱ्या उथळ, अल्पजीवी डबक्यांत अंडी घालतात. अशा प्राण्याचे आयुष्य एखाद्या सड्याशीच बांधलेले असते. दोन सड्यांमधील प्रदेश हा त्याच्यासाठी अडथळा ठरतो. एकाच पूर्वजाचे वंशज असलेले हे दोन समूह अशा रीतीने अलग झाले आणि आज ते वेगळ्या जाती म्हणून ओळखले जातात.

दक्षिणेकडे हाच प्रकार अधिक मोठ्या प्रमाणावर दिसतो. सह्याद्रीची सलग रांग पालघाटच्या खिंडीत खंडित होते. या खिंडीच्या उत्तरेस व दक्षिणेस उंच डोंगरांवर राहणाऱ्या अनेक पक्ष्यांचे व बेडकांचे वंश भिन्न असल्याचे जनुकीय अभ्यासांतून स्पष्ट झाले आहे. २०१४ मध्ये एस. पी. विजयकुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातील ‘राओर्चेस्टिस’ या प्रजातीतील झुडूपबेडकांच्या नऊ नव्या जाती एकाच वेळी वर्णिल्या. या बेडकांच्या पिल्लांना डिंभाची, म्हणजे भैकेराची, मुक्त अवस्था नसते. अंड्यातून थेट लहान बेडूक बाहेर पडतो. त्यामुळे त्यांना ओढ्यांच्या आधाराने दूरवर पसरता येत नाही आणि प्रत्येक डोंगरसमूहावर स्वतंत्र वंश निर्माण होण्यास वाव मिळतो.

येथे एक महत्त्वाचा भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. भौगोलिक दुरावा म्हणजे प्रजननात्मक विलगन नव्हे. दोन समूह दूर आहेत म्हणून ते एकत्र येत नाहीत. पण उद्या दरी बुजली किंवा जंगल पुन्हा सलग झाले, तर ते परस्परांत मिसळतील काय? मिसळून गेल्यास दुराव्याच्या काळात निर्माण झालेले भेद विरून जातील. न मिसळल्यास मात्र दोन जाती निर्माण झाल्या, असे म्हणता येईल. प्रजननात्मक विलगन हे सजीवांच्या अंगी असते, नकाशावर नसते. ते कोणकोणत्या रूपांत दिसते, हे आता पाहू.

४. फलनापूर्वीचे अडसर

*४.१ काळाचा अडसर.* उमरठपासून महाबळेश्वरपर्यंतच्या उतारांवर कारवी विपुल वाढते. तिच्या काठ्यांचे कूड शेणामातीने लिंपून घरांच्या भिंती उभारण्याची पद्धत या भागात सर्वपरिचित आहे. ही वनस्पती सात वर्षे केवळ वाढते, आठव्या वर्षी सर्व झाडे एकदमच फुलतात, बी धरतात व मरतात. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात हा बहर २००८, २०१६ व २०२४ या वर्षी आला. परंतु सह्याद्रीच्या सर्व भागांत बहराचे वर्ष एकच नसते. ज्या दोन डोंगरांवरील कारवी वेगवेगळ्या वर्षी फुलते, त्यांचे परागकण एकमेकांपर्यंत पोहोचण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, मग त्यांच्यातील अंतर मधमाशीच्या एका उड्डाणाइतके का असेना.

कारवीच्या प्रजातीत निरनिराळ्या कालावधींनी फुलणाऱ्या अनेक जाती आहेत. निलगिरी व मुन्नार परिसरातील नीलकुरिंजी बारा वर्षांनी फुलते. तिचे बहर २००६ व २०१८ मध्ये आले. अमेरिकेतील सिकाडा कीटकांचे काही समूह १३ वर्षांनी, तर काही १७ वर्षांनी भूमीतून बाहेर येतात. असे दोन विशिष्ट समूह एकाच वेळी बाहेर येण्याचा योग २२१ वर्षांतून एकदाच येतो. अर्थात, हा अडसर पूर्णतः अभेद्य नसतो. मुख्य बहराच्या एखादे वर्ष मागे-पुढे फुलणारी काही झाडे असतातच आणि त्यांच्याद्वारे थोडा जनुकप्रवाह चालू राहतो. म्हणूनच केवळ बहराच्या वर्षातील फरकाने नवी जाती झाली असे म्हणता येत नाही. तिच्या निर्मितीस अनुकूल परिस्थिती मात्र त्यातून निर्माण होते.

*४.२ वर्तनाचा अडसर.* पहिल्या पावसानंतर सह्याद्रीत रात्री जो बेडकांचा कल्लोळ ऐकू येतो, त्यात प्रत्येक जातीच्या नराची साद वेगळी असते. तिची कंपनसंख्या, टप्प्यांची संख्या व गती ठरलेली असते. मादी सामान्यतः आपल्याच जातीच्या सादेकडे जाते. रूप जवळजवळ सारखे असूनही दोन जाती एकाच झुडपावर न मिसळता राहू शकतात, त्यामागे हे कारण असते. अलग पडलेल्या समूहांत सादेचे स्वरूप थोडेथोडे बदलत गेल्यास, पुन्हा भेट झाल्यावर ते एकमेकांना ‘ओळखत’ नाहीत.

*४.३ परागणाचा अडसर.* सड्यांवर व कड्यांवर आढळणाऱ्या कंदीलपुष्पांची रचना विशेष आहे. फुलाच्या नळीतील केस आतल्या दिशेने वळलेले असल्यामुळे गंधाने आकर्षित झालेली लहान माशी आत जाऊ शकते, बाहेर येऊ शकत नाही. पुढे केस सुकतात आणि परागपुंज अंगाला चिकटलेली माशी मुक्त होते. नळीची लांबी व रुंदी, केसांची मांडणी आणि गंध यांत थोडाही बदल झाला तरी आकर्षित होणारी माशी बदलू शकते, आणि त्याबरोबर परागकणांचा मार्गही बदलतो. जुन्नर परिसरातील दुर्ग-ढाकोबा येथून वर्णिलेले ‘सेरोपेजिया रोली’ किंवा पाचगणीचे ‘सेरोपेजिया नूरजहानी’ यांसारख्या अत्यंत मर्यादित प्रदेशातील जाती महाराष्ट्रात का आढळतात, हे समजून घेताना दुर्गम कड्यांमुळे पडलेले अंतर व परागणाचे हे वैशिष्ट्य, या दोहोंचा विचार करावा लागतो.

५. फलनानंतरचे अडसर

काही वेळा दोन समूहांत मीलन होते, फलनही होते. परंतु संकर जगत नाही, वंध्य असतो, किंवा त्याची पुढची पिढी दुबळी निघते. घोड्याची ६४ व गाढवाची ६२ गुणसूत्रे एकत्र येऊन खेचरास ६३ गुणसूत्रे मिळतात. खेचर बळकट असते, पण युग्मके तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या नीट जुळत नाहीत व ते सामान्यतः वंध्य राहते.

भाताचे उदाहरण कोकणाला अधिक जवळचे आहे. आपल्याकडील ‘इंडिका’ व जपानकडील ‘जॅपोनिका’ हे भाताचे दोन उपप्रकार एकाच जातीत गणले जातात. तरीही त्यांच्या संकरात पुष्कळदा लोंब्यांतील बरेच दाणे पोचट राहतात. १९५० च्या दशकात कटक येथील केंद्रीय भात संशोधन संस्थेत या दोन उपप्रकारांच्या संकराचा मोठा कार्यक्रम हाती घेण्यात आला. त्यातून ‘मसुरी’ व ‘एडीटी २७’ यांसारखी मोजकीच वाणे यशस्वी झाली, याचे एक कारण संकरातील ही अंशतः वंध्यता होते. जाती पूर्णपणे विभक्त होण्यापूर्वीची अवस्था कशी असते, हे या उदाहरणात प्रत्यक्ष दिसते.

कापसात तिसरा प्रकार आढळतो. अमेरिकन कापूस व समुद्रद्वीपीय कापूस या दोन भिन्न जाती आहेत. त्यांच्या संकराची पहिली पिढी जोमदार असते. १९७२ मध्ये धारवाड येथून प्रसारित झालेले ‘वरलक्ष्मी’ हे संकरित वाण याच दोन जातींच्या संकरातून आले. परंतु त्याच्या बियांपासून वाढवलेल्या दुसऱ्या पिढीत अनेक झाडे दुर्बल व विस्कळीत गुणांची निघतात. अडसर पहिल्या पिढीत दिसला नाही म्हणून तो नाहीच, असे म्हणता येत नाही, ही गोष्ट यावरून स्पष्ट होते.

६. अडसर निर्माण कसा होतो?

येथे एक तार्किक अडचण उपस्थित होते. नैसर्गिक निवड संततीस लाभदायक गुण राखते. मग संकरास वंध्य करणारा, म्हणजे सर्वस्वी हानिकारक, गुण कसा टिकून राहिला? या प्रश्नाचे उत्तर विल्यम बेटसन यांनी १९०९ मध्ये सुचविले आणि पुढे डॉबझान्स्की व हर्मन मुलर यांनी ते विकसित केले.

समजा, मूळ समूहातील सर्वांमध्ये ‘क’ व ‘ख’ ही दोन जनुकरूपे आहेत. समूह दुभंगल्यावर एका भागात ‘क’ ऐवजी ‘ग’ हे रूप आले. ते ‘ख’ बरोबर व्यवस्थित कार्य करते, म्हणून पसरले. दुसऱ्या भागात ‘ख’ ऐवजी ‘घ’ आले. ते ‘क’ बरोबर व्यवस्थित कार्य करते, म्हणून तेही पसरले. कोणत्याही भागात कोणत्याही पिढीला हानी झाली नाही. परंतु ‘ग’ व ‘घ’ ही रूपे एका शरीरात कधीच एकत्र आलेली नाहीत. दोन्ही भागांचा संकर झाला की ती प्रथमच एकत्र येतात, आणि ती परस्परविसंगत असतील तर संकर जगत नाही किंवा वंध्य होतो.

या स्पष्टीकरणाचा गाभा असा की, विलगन हे कोणत्याही ‘हेतू’ने घडत नाही. जातीचे ‘शुद्ध’ स्वरूप राखण्यासाठी निसर्ग अडसर उभारतो, ही समजूत चुकीची आहे. अडसर हा स्वतंत्र वाटचालीचा अनुषंगिक परिणाम असतो. अपवाद एकच : संकर दुबळे ठरत असतील तर परक्याशी मीलन टाळणाऱ्या व्यक्तींची संतती अधिक टिकते आणि मग सादेतील वा वर्तनातील भेद निवडीमुळे अधिक तीव्र होऊ शकतात. यास विलगनाचे दृढीकरण म्हणतात.

संकरात नर व मादी यांपैकी एकच लिंग वंध्य वा दुर्मीळ असल्यास ते बहुधा भिन्न लिंगगुणसूत्रे असलेले लिंग असते, असा नियम जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२२ मध्ये सांगितला. सस्तन प्राण्यांत ते नर, तर पक्षी व फुलपाखरांत माद्या असतात. हेच हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात स्थायिक झाले व १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले.

७. दुराव्याविना जातिउद्भव

सर्वच जाती लाखो वर्षांच्या दुराव्यातून निर्माण होतात असे नाही. वनस्पतींमध्ये गुणसूत्रांचा संच दुप्पट होऊन अल्पावधीत विलगन घडू शकते. देशी कापसात २६ गुणसूत्रे असतात, अमेरिकन कापसात ५२. सुमारे दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी आशियाई-आफ्रिकी कुळातील व अमेरिकी कुळातील अशा दोन कापसांचा संकर होऊन गुणसूत्रे दुप्पट झाली आणि ५२ गुणसूत्रांचा कापूस उदयास आला. देशी व अमेरिकन कापसाचा संकर केल्यास ३९ गुणसूत्रांचे झाड मिळते आणि ते वंध्य असते. म्हणजे गुणसूत्रे दुप्पट होताच नवी वनस्पती आपल्या जनकांपासून प्रजननाच्या दृष्टीने अलग झाली. विदर्भ-मराठवाड्याच्या शेतांत शेजारी शेजारी वाढणारे हे दोन कापूस जातिउद्भवाच्या दुसऱ्या मार्गाचे उदाहरण आहेत.

८. व्याख्येच्या मर्यादा

मायर यांची व्याख्या उपयुक्त असली तरी सर्वत्र लागू पडत नाही. अलैंगिक प्रजनन करणारे जीवाणू व केवळ जीवाश्मरूपाने ज्ञात असलेले सजीव तिच्या कक्षेबाहेर राहतात. कोयना व आंबोलीच्या भेकांसारखे समूह निसर्गात कधी भेटतच नाहीत. त्यामुळे त्यांच्यात प्रजनन झाले असते काय, हे निसर्गात पाहता येत नाही. अशा वेळी रूप, साद व जनुकीय अनुक्रम यांतील भेदांचा एकत्रित विचार करून निर्णय घ्यावा लागतो.

हिवाळ्यात रायगडासह द्वीपकल्पात सर्वत्र येणारा हिरवट वटवट्या हा चिमुकला पक्षी या मर्यादेचे प्रसिद्ध उदाहरण आहे. तिबेटच्या पठाराभोवती कड्याप्रमाणे पसरलेल्या त्याच्या समूहांचे गाणे टप्प्याटप्प्याने बदलत जाते. मध्य सायबेरियात कड्याची दोन टोके भेटतात, तेथे मात्र ते पक्षी परस्परांना जोडीदार मानत नाहीत. पुढील जनुकीय अभ्यासांनी या कड्यात पूर्वी काही खंडही पडले असावेत असे दाखविले आहे. तरीही, एक जाती कोठे संपते व दुसरी कोठे सुरू होते याची रेषा आखणे किती अवघड आहे, हे या पक्ष्यामुळे लक्षात येते. जातिउद्भव ही घटना नसून प्रक्रिया आहे आणि आज दिसणारे समूह या प्रक्रियेच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर आहेत.

९. विलगनाचा भंग आणि त्याचे परिणाम

दीर्घ विलगनातून निर्माण झालेले वेगळेपण मानवी हस्तक्षेपाने काही दशकांत पुसले जाऊ शकते. महासीर माशाचे उदाहरण यासंबंधी उद्बोधक आहे. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठा नदीतील महासीराचे ‘खुद्री’ या नावाने वर्णन केले. या माशाचे कृत्रिम बीजोत्पादन लोणावळा येथे १९७० च्या दशकापासून यशस्वीपणे होऊ लागले आणि ते बीज देशातील अनेक नद्यांत सोडण्यात आले. हेतू संवर्धनाचा होता. परंतु कावेरीच्या खोऱ्यात स्वतंत्र वंशाचा, नारिंगी पंखांचा व उंच वशिंडाचा महासीर पूर्वीपासूनच होता. बाहेरून आलेल्या निळसर पंखांच्या महासीराने त्याची जागा मोठ्या प्रमाणावर घेतली. कावेरीतील तो मासा ‘टॉर रेमादेवी’ या जातीचा असल्याचे २०१८ मध्ये निश्चित झाले आणि त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. जातीची ओळख पटण्यापूर्वीच ती नाहीशी होण्याच्या मार्गाला लागली होती.

दुसरा धोका याच्या उलट स्वरूपाचा आहे. ज्या एकाकीपणाने सड्यांवरील जाती निर्माण केल्या, तोच एकाकीपणा त्यांना दुर्बलही करतो. एका सड्यापुरती मर्यादित असलेली जाती तो सडा खाणीसाठी, रस्त्यासाठी किंवा इमारतींसाठी वापरला गेल्यास अन्यत्र जाऊ शकत नाही. पावसाच्या वेळापत्रकात मोठा बदल झाल्यास अल्पजीवी डबक्यांत वाढणाऱ्या भैकेरांना दुसरा आसरा नसतो. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाला आणि २०१२ मध्ये कास, कोयना, चांदोली व राधानगरी या महाराष्ट्रातील चार स्थळांचा पश्चिम घाटाच्या ३९ स्थळांत जागतिक वारसा म्हणून समावेश झाला. ही पावले महत्त्वाची आहेत. तथापि, संरक्षण केवळ ज्ञात जातींच्या यादीवर आधारले, तर जाती होण्याच्या वाटेवर असलेले समूह त्यातून सुटतात. ‘हाच प्राणी दुसरीकडेही आढळतो’ हे कारण देऊन एखादा सडा गमावण्यापूर्वी दोन्हीकडचा प्राणी खरोखर एकच आहे काय, हे तपासले गेले पाहिजे.

१०. समारोप

वरील विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात. भौगोलिक दुरावा हे जातिउद्भवाचे सर्वांत सामान्य निमित्त असले तरी जाती पूर्णत्वास जाते ती प्रजननात्मक विलगनामुळे. हे विलगन काळ, वर्तन, परागण, संकराची वंध्यता अशा अनेक पातळ्यांवर घडते आणि सहसा एकापेक्षा अधिक अडसर एकत्र कार्य करतात. ते अडसर कोणत्याही पूर्वनियोजित हेतूने उभे राहत नाहीत, आणि अपूर्ण असताना ते मोडूही शकतात.

पदवी स्तरावरील अध्यापनात हा विषय बहुधा व्याख्या व प्रकारांच्या तक्त्यापुरता मर्यादित राहतो आणि उदाहरणे परदेशातील दिली जातात. महाराष्ट्रातील महाविद्यालयांना मात्र याची उदाहरणे हाताच्या अंतरावर उपलब्ध आहेत. आनंद पाध्ये, नीलेश डहाणूकर व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये उत्तर सह्याद्रीतील एक झुडूपबेडूक रूप व जनुकीय अनुक्रम यांच्या आधारे नवी जाती म्हणून वर्णिला आणि त्यास पुण्यातील प्राध्यापक हेमंत घाटे यांचे नाव दिले. महाविद्यालयीन प्राध्यापकांचा अशा संशोधनातील वाटा यावरून लक्षात येतो. त्यासाठी सर्व वेळी महागड्या उपकरणांची गरज असते असेही नाही. एखाद्या डोंगरावर कारवी कोणत्या वर्षी फुलली, पहिल्या पावसानंतर कोणत्या बेडकाची साद कोणत्या सड्यावर ऐकू आली, कंदीलपुष्पात कोणती माशी सापडली, अशा नोंदी सातत्याने ठेवल्यास त्यांतूनच विलगनाचा पुरावा उभा राहतो. कारवीच्या दोन बहरांमध्ये आठ वर्षांचे अंतर असते. एवढा काळ विद्यार्थी महाविद्यालयात राहत नाहीत, विभाग मात्र राहतो. म्हणून अशा नोंदींची जबाबदारी विभागांनी स्वीकारणे अधिक उचित ठरेल.